‘वीसपर्यंत ओढा’ म्हणजे नेमकं किती? रोज टोचायची ल्युप्रोलाइड व्हायल आणि सेट्रोरेलिक्सचा किट: परीक्षण

आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) उपचार सुरू असलेल्या नाशिकमधल्या घरात फ्रिज उघडला की दुधाच्या पातेल्यामागे बहुधा दोनपैकी एक खोकं सापडतं. एक तर ल्युप्रोलाइड ॲसिटेटची व्हायल, म्हणजे रबरी बुचाची छोटी बाटली, जिच्यातून रोज थोडं थोडं औषध काढायचं, नाहीतर सेट्रोरेलिक्स ०.२५ एमजीचा एका डोसाचा किट. दोन्हींचं काम एकच: स्त्रीबीजं पिकण्याआधीच शरीराने एलएच हार्मोन उसळवून ती सोडून देऊ नयेत, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीला गप्प ठेवायचं. कोणतं औषध कोणाला, हे डॉक्टर ठरवतात आणि त्यात आम्ही पडत नाही. इथे पाहिलंय ते एवढंच की घरी टेबलाशी बसून रोज स्वतःच्या पोटात टोचून घेणाऱ्याला हे पॅकिंग कुठे साथ देतं आणि कुठे दगा देतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. किटला पाचपैकी साडेचार, व्हायलला तीन. व्हायलचे गुण औषधामुळे कापलेले नाहीत. ते सिरिंजमुळे कापलेत.

आधी दोघांचा स्वभाव, कारण चुका त्यातूनच निघतात. ल्युप्रोलाइड ग्रंथीला आधी डिवचतं आणि सतत देत राहिलं की मग ती दमून शांत होते. सुरुवातीला हार्मोन वाढतात, नीट दबायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणून लाँग प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या उपचारक्रमात, ते आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतं. पाळी आल्यावर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून स्टिम्युलेशनची, म्हणजे बीजं वाढवणारी, इंजेक्शनं जोडतात आणि पुष्कळदा त्याच वेळी ल्युप्रोलाइडचा डोस कमी करतात. हा बदल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सेट्रोरेलिक्सला डिवचणं वगैरे नाही, ते काही तासांतच एलएच दाबतं. म्हणून ते स्टिम्युलेशनच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून ट्रिगरच्या (बीजं शेवटची पिकवणाऱ्या इंजेक्शनच्या) दिवसापर्यंतच लागतं. मोजकेच दिवस, पण त्यातला एकही चुकवून चालत नाही.

व्हायल: चूक औषधात नाही, रेघेत आहे

डॉक्टरांच्या कागदावर डोस एमजीमध्ये असतो. व्हायलवर ताकद लिहिलेली असते एमजी प्रति एमएल. आणि हातात येते ती इन्सुलिनची सिरिंज, जिच्यावर ना एमजी ना एमएल, फक्त युनिट. या तिन्हींची सांगड घालायचं काम शेवटी पेशंटवर किंवा तिच्या नवऱ्यावर येऊन पडतं. शिकवताना क्लिनिकमध्ये सोपं करून सांगतात, ‘वीसपर्यंत ओढा’. त्या खोलीत, त्या व्हायलला, त्या सिरिंजला ते बरोबरच असतं. पुढची व्हायल दुसऱ्या मेडिकलमधून आली की ते बरोबर राहीलच असं नाही.

कारण रोजच्या ल्युप्रोलाइडची ताकद एकच नसते. एक व्हायल ५ एमजी प्रति एमएलची, २.८ एमएल भरलेली. तिच्यातून रोज ०.२ एमएल म्हणजे १ एमजी काढला की चौदा दिवस जातात. दुसरी १ एमजी प्रति एमएलची, ४ एमएल भरलेली. तिच्या खोक्यावर ठळक ‘४ एमजी’ दिसतं. ते चार एमजी अख्ख्या व्हायलमधलं औषध आहे, एका दिवसाचा डोस नव्हे. ०.५ एमजीचा डोस असेल तर ही व्हायल आठ दिवस पुरते.

सिरिंजाही दोन जातीच्या. लाल टोपीची यू-४०, नारिंगी टोपीची यू-१००. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन घेणारे अजूनही पुष्कळ जण यू-४० वापरतात, त्यामुळे घरात मधुमेही सासरे किंवा आजी असतील तर लाल टोपीच्या सिरिंजांचं पाकीट आधीपासूनच हाताशी असतं. नारिंगी संपल्या की हात तिकडे जातो. यू-१०० सिरिंजमध्ये १ एमएलचे शंभर भाग केलेले असतात, यू-४०मध्ये चाळीस. म्हणजे यू-१००वर वीसची रेघ ०.२ एमएलला येते आणि यू-४०वर तीच वीसची रेघ ०.५ एमएलला.

आता ‘वीसपर्यंत ओढा’ ही एकच सूचना घ्या. ५ एमजी प्रति एमएलची व्हायल आणि नारिंगी सिरिंज: १ एमजी. तीच व्हायल आणि लाल सिरिंज: २.५ एमजी. १ एमजी प्रति एमएलची व्हायल आणि नारिंगी सिरिंज: ०.२ एमजी. १ एमजी प्रति एमएलची व्हायल आणि लाल सिरिंज: ०.५ एमजी. चार घरांत चार डोस, आणि चारही जण शपथेवर सांगतील की सांगितलं तसंच केलं. कमी गेलं तर ग्रंथी नीट दबत नाही, पाळीनंतरच्या तपासणीत हार्मोन वर दिसतात आणि स्टिम्युलेशन पुढे ढकलावं लागतं. जास्त गेलं तर व्हायल अर्ध्यात संपते. पुष्कळदा गफलत तेव्हाच लक्षात येते.

म्हणून क्लिनिकमधून निघताना एक ओळ लिहून घ्या. तोंडी नको. ती अशी दिसायला हवी: ‘ल्युप्रोलाइड १ एमजी प्रति एमएल, यू-१०० सिरिंज, डोस ०.५ एमजी, म्हणजे ०.५ एमएल, म्हणजे ५०ची रेघ.’ या ओळीतली कुठलीही एक गोष्ट बदलली, नवी व्हायल आली, सिरिंज बदलली किंवा डोस कमी केला, की ओळ नव्याने लिहून घ्यायची. व्हायलचं लेबल आणि सिरिंजची टोपी एकाच फोटोत घेऊन नर्सला पाठवा. फोनवर ‘तीच आहे ना?’ विचारून काही कळत नाही, कारण तिकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर वेगळीच व्हायल असू शकते.

डोस कमी झाल्यावर आणखी एक अडचण येते, जी कोणी आधी सांगत नाही. १ एमएलच्या यू-१०० सिरिंजवर साधारणपणे प्रत्येक बारीक रेघ दोन युनिटची असते. ५ एमजी प्रति एमएलच्या व्हायलमधून ०.२५ एमजी घ्यायचे म्हणजे ०.०५ एमएल, म्हणजे पाच युनिट, आणि पाचची रेघच तिच्यावर नसते. अंदाजाने चार आणि सहाच्या मध्ये थांबावं लागतं. त्याऐवजी ०.५ किंवा ०.३ एमएलची यू-१०० सिरिंज मागा, तिच्यावर एकेका युनिटची रेघ असते.

कोणी १ एमएलची साधी ट्युबरक्युलिन सिरिंज देतात. तिच्यावर थेट एमएलच्या रेघा असतात, त्यामुळे युनिटचा घोळ मिटतो, आणि आकड्यांच्या बाबतीत हीच सिरिंज सर्वात प्रामाणिक. पण तिची सुई काढता येण्यासारखी असते आणि सुईच्या मुळाशी थोडं औषध दर वेळी अडकून वाया जातं. एकेका डोसात ते नगण्य, पण शेवटी व्हायल एखादा दिवस आधी संपते. इन्सुलिन सिरिंजची सुई जोडलेलीच असल्यामुळे हे नुकसान जवळजवळ होत नाही. ट्युबरक्युलिन वापरणार असाल तर पुढची व्हायल दोन दिवस आधी आणून ठेवा.

गुण कापण्याचं दुसरं कारण: ल्युप्रोलाइड मेडिकलमध्ये मागितलं की समोर डेपोही येऊ शकतो. ३.७५, ११.२५, २२.५ एमजी असे आकडे दिसले तर ते महिन्याने किंवा तीन महिन्यांनी द्यायचं, हळूहळू सुटणारं औषध आहे. ते पावडर आणि द्रव मिसळून एकदाच द्यायचं असतं. त्यातून रोजचे डोस काढता येत नाहीत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ल्युप्रोलाइड घेणाऱ्या काकांना रोजच्या १ एमजीऐवजी बहुधा डेपोच देतात, त्यामुळे ‘आमच्या ओळखीत महिन्याला एकच घेतात’ हा सल्ला खरा असूनही तुमच्या कामाचा नाही. शिवाय काही सायकलमध्ये (उपचाराच्या एका फेरीला सायकल म्हणतात) हेच रोजचं ल्युप्रोलाइड ट्रिगर म्हणून, ठरलेल्या रात्री ठरलेल्या वेळी एकदाच देतात. तो डोस रोजच्यापेक्षा वेगळा असतो. कागदावर ‘ल्युप्रोलाइड’ दोनदा दिसलं तर आधी विचारा.

व्हायलमधून औषध काढताना

हात साबणाने धुवून कोरडे करा. टेबल पुसलेलं असावं. स्वयंपाकाचा ओटा नको, तिथे फोडणीचं तेल उडालेलं असतं. व्हायलमधला द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा. गढूळ किंवा कण असलेला दिसला तर ती व्हायल बाजूला. रबरी बुच स्पिरिटच्या स्वॅबने पुसून वाळू द्या, आणि हे रोज करायचं, पहिल्या दिवशीच नव्हे.

सिरिंजमध्ये आधी डोसाएवढीच हवा ओढा. सुई बुचाच्या मधोमध सरळ घाला आणि ती हवा आत सोडा. ही पायरी गाळली तर व्हायलमध्ये हळूहळू निर्वात तयार होतो, पाचव्या-सहाव्या दिवसापासून दट्ट्या आपोआप मागे खेचला जातो आणि रेघ जुळता जुळत नाही. मग व्हायल उलटी करा, सुईचं टोक द्रवात आहे ना ते पाहा आणि सावकाश रेघेपर्यंत ओढा. बुडबुडा दिसला तर सुई आतच ठेवून औषध परत ढकला आणि पुन्हा ओढा. टिचकी मारून बुडबुडा वर आणला तरी चालतो. त्वचेखाली गेलेला बारीक बुडबुडा धोक्याचा नसतो, पण त्याने औषधाची जागा घेतलेली असते, एवढाच मुद्दा. शेवटच्या दोन-तीन दिवसांत व्हायलमध्ये तळाशी थोडंच उरतं. तेव्हा ती अगदी सरळ उलटी धरा आणि सुई जराशी मागे घ्या, टोक बुचाच्या लगत ठेवा. तिरकी धरली की हवाच येते आणि माणूस समजतो औषध संपलं.

पहिल्यांदा बुच टोचलं त्या दिवसाची तारीख व्हायलच्या लेबलवर बॉलपेनने लिहा. अनेक डोसांच्या या व्हायलमध्ये बेंझिल अल्कोहोलसारखं जंतुरोधक घातलेलं असतं म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचता येते, पण ती कायमची नसते. उघडल्यानंतरची मुदत खोक्यातल्या पत्रकात पाहा. मागच्या सायकलमधली उरलेली व्हायल जपून ठेवून पुढच्या वेळी वापरणं ही काटकसर करू नका.

जागा पोटाची: बेंबीपासून दोन बोटं तरी लांब, खालच्या बाजूला, डावी-उजवी रोज बदलत. स्वॅब फिरवल्यावर वाळू द्या. ‘फार झोंबतं’ या तक्रारीचं अर्धं कारण ओलं स्पिरिट असतं, उरलेलं फ्रिजमधून थेट काढलेलं गार औषध. चरबीची घडी चिमटीत धरा. घडी चांगली जाड असेल आणि सुई आखूड असेल तर सरळ, नाहीतर पंचेचाळीस अंशांत. औषध सावकाश ढकला, थोडं थांबून सुई काढा, कापूस नुसता दाबून धरा. चोळू नका, हळद-बाम काही लावू नका. सिरिंज एकदाच. मधुमेहाच्या काही घरांत एक सुई चार दिवस चालवायची सवय असते. इथे ती अजिबात नको, कारण दुसऱ्यांदा वापरलेली सुई त्याच व्हायलमध्ये गेली की पुढचे सगळे डोस दूषित होतात.

सेट्रोरेलिक्सचा किट

मूळ सेट्रोटाइडच्या खोक्यात पावडरची एक छोटी व्हायल, १ एमएल पाणी भरलेली सिरिंज, पिवळ्या खुणेची जाड २० गेजची सुई, राखाडी खुणेची बारीक २७ गेजची सुई आणि स्पिरिटचे स्वॅब असतात. इतर कंपन्यांच्या पॅकमध्ये पाणी वेगळ्या ॲम्प्युलमध्ये किंवा सुया वेगळ्या मापाच्या असू शकतात, म्हणून दुकानातच खोकं उघडून सगळं मोजून घ्या. या किटला साडेचार गुण देण्याचं कारण सरळ आहे: मोजायचं काही नाही. अख्खी व्हायल म्हणजे अख्खा डोस. रेघ नाही, युनिट नाही, गणित नाही.

अर्धा गुण गेला तो दोन सुयांमुळे. पिवळी फक्त मिसळायला, राखाडी टोचायला. पिवळी सुई पाण्याच्या सिरिंजला लावून बुचातून आत घालायची, पाणी व्हायलच्या भिंतीवरून हळू सोडायचं, सिरिंज तशीच ठेवून व्हायल हलकेच गोल फिरवायची. औषधाच्या बाटलीसारखी हलवली की फेस येतो आणि फेसातलं औषध सिरिंजमध्ये येत नाही. द्रव स्वच्छ झाला की व्हायल उलटी करून सगळं ओढून घ्या. तळाशी थोडं राहतंय असं वाटलं तर सुई बुचाच्या तोंडापर्यंत मागे घ्या. मग पिवळी काढून राखाडी लावा, हवा काढा, टोचा. जिथे माणूस घाईत असतो तिथे सुई बदलायची राहते, आणि २० गेजची सुई पोटात गेली की काळानिळा डाग आठवडाभर राहतो.

सुई पोटात घातल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून पाहायचा. रक्त दिसलं तर ते औषध टोचायचं नाही. सुई काढा, जागा दाबून धरा, तो किट टाका आणि नवा घ्या. म्हणून मोजून चार दिवसांचे चारच किट घरी ठेवण्यापेक्षा एक जास्तीचा ठेवावा, विशेषतः तुम्ही दिंडोरी, सिन्नर किंवा त्र्यंबकच्या बाजूला राहत असाल आणि रात्री धावत शहरात येणं शक्य नसेल तर. मिसळलेलं औषध लगेच वापरायचं, ‘आत्ता तयार करून ठेवते, जेवल्यावर घेते’ असं नाही.

पहिला डोस क्लिनिकमध्येच, डॉक्टरांच्या समोर. या औषधाने क्वचित तीव्र ॲलर्जी होते. अंगावर गांधी, श्वास घुसमटणं, चक्कर असं काही पूर्वी कुठल्याही औषधाने झालं असेल तर आधीच सांगा. टोचलेल्या जागी लाली, खाज, थोडी सूज ही नेहमीची बाब आहे आणि ती ओसरते.

तिसरा पर्याय गॅनिरेलिक्स, ०.२५ एमजी अर्ध्या एमएलमध्ये आयतं भरलेलं. मिसळणं नाही, सुई बदलणं नाही, पोटात किंवा मांडीत टोचायचं. हाताळायला तिघांत हेच सर्वात सोपं. यात दोन इंजेक्शनांमधलं आणि शेवटचं इंजेक्शन व ट्रिगर यांमधलं अंतर ३० तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढं पाळा. रबराची किंवा लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा. काही पॅकच्या सुईच्या टोपीत ते असतं.

तिन्हींची पत्रकं इंग्रजीत, मुंगीच्या पायांच्या अक्षरात. रोज घरी वापरायच्या औषधाला मराठीत चार चित्रं छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

खरेदी, फ्रिज आणि नाशिकचा उन्हाळा

गोळे कॉलनीत औषधांचा घाऊक बाजार आहे, त्यामुळे एका दुकानात नसलेलं औषध शेजारी मिळण्याची शक्यता शहरात इतरत्र कुठेही नाही एवढी तिथे आहे. क्लिनिकच्या खालच्या मेडिकलमध्ये दर थोडा जास्त वाटला तरी एक फायदा असतो: ज्या व्हायलवर शिकवलं तीच व्हायल मिळते. व्हायल घेणार असाल तर आम्ही तिथूनच घ्या म्हणू. किटच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कुठूनही घ्या. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहिलेली हवी. दुकानदार औषध फ्रिजमधून काढतो की मागच्या फडताळातून, ते उभं राहून पाहा आणि खोक्यावरच्या साठवणीच्या सूचनेशी ताडा.

सेट्रोटाइड २ ते ८ अंशांत ठेवायचं. न उघडलेलं खोकं ३० अंशांच्या आत असेल तर तीन महिन्यांपर्यंत बाहेर चालतं, आणि टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं. ल्युप्रोलाइडच्या ५ एमजी प्रति एमएलच्या व्हायलवर ‘२५ अंशांखाली’ असतं, काहींवर थेट फ्रिज सांगितलेला असतो. ‘२५ अंशांखाली’ वाचून माणसं कपाटात ठेवतात. डिसेंबरात ते चालून जाईल. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सिडकोतल्या वरच्या मजल्यावरच्या घरात कपाटही २५च्या वरच असतं, तेव्हा फ्रिजच बरा. गोठवू मात्र नका. एकदा गोठलेलं औषध वितळून पुन्हा स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही.

एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या खालचा ट्रे सर्वात वाईट जागा, तिथे पाणी गोठतं. दाराचा कप्पाही नको, दर वेळी उघडताना ऊन लागल्यासारखं तापमान वरखाली होतं. मधला कप्पा, मागच्या भिंतीला न चिकटवता, मूळ खोक्यात, झाकणाच्या डब्यात. खोकं फेकून नुसती व्हायल ठेवू नका, उजेडही बाधतो. महावितरणने देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवायचं कळवलं असेल तर फ्रिज उघडायचाच नाही, काही तास तो धरतो.

आणताना स्कूटरची डिकी नको. दुपारी कॉलेज रोडवर उभ्या केलेल्या स्कूटरची डिकी किती तापते ते हात घालून पाहिलं तरी कळतं. थर्मास किंवा थर्माकोलचा डबा घ्या, आइसपॅक फडक्यात गुंडाळून तळाशी, मध्ये वर्तमानपत्राची घडी, वर औषध. आइसपॅक खोक्याला थेट टेकला तर औषध गोठू शकतं, म्हणजे उन्हापासून वाचवायला गेलो आणि बर्फाने घालवलं.

वेळ चुकली तर, आणि फोन कधी करायचा

रोज एकच वेळ धरा. संध्याकाळची सोयीची, कारण शंका आली तरी क्लिनिक सहसा उघडं असतं. जेवणाशी या इंजेक्शनांचा संबंध नाही. चतुर्थी असो की एकादशी, उपास आहे म्हणून डोस मागे-पुढे करायचं कारण नाही. विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या आणि क्लिनिकला कळवा. दुसऱ्या दिवशी आठवलं तर मनाने दुप्पट घेऊ नका, आधी फोन. ल्युप्रोलाइडमध्ये एखादा डोस उशिरा झाला तर बहुधा सावरून घेता येतं. सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स राहिलं तर रात्र असली तरी कळवा. एलएच उसळलं तर बीजं काढायच्या आधीच सुटून जाऊ शकतात आणि अख्खी सायकल हातची जाते.

ल्युप्रोलाइडने अंगातून वाफा, डोकेदुखी, चिडचिड, झोपमोड होते. हार्मोन दबल्याची ही लक्षणं आहेत, औषध बिघडल्याची नव्हेत. स्टिम्युलेशन सुरू झाल्यावर मात्र पोट फुगून ताठ होणं, एक-दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तो दोष या इंजेक्शनांचा नसून अंडाशय जास्त उत्तेजित झाल्याचा असतो, पण फोन लगेच करायला हवा. गर्भ राहिल्याची शंका असेल तर ल्युप्रोलाइड सुरू करण्याआधी चाचणी.

घरी नर्स बोलावण्याची सेवा शहरात मिळते. आमच्या मते पहिले एक-दोन दिवस हात बसेपर्यंत ठीक, पुढे गरज नाही. त्याऐवजी घरातल्या दोघांनी शिकून घ्यावं. एकाने टोचायचं, दुसऱ्याने फक्त व्हायल, सिरिंजची टोपी आणि रेघ मोठ्याने वाचायची. नर्स बोलावलीत तरी डोसाची ती लिहून घेतलेली ओळ तिच्या हातात द्या. तिने दिवसभरात इन्सुलिनची दहा घरं केलेली असतात आणि तिच्या पिशवीत लाल टोपीच्या सिरिंजा असण्याची शक्यता दाट आहे.

वापरलेल्या सुया पुन्हा टोपीत घालू नका, बोटाला टोचतात त्या तेव्हाच. फिनेलची किंवा डिटर्जंटची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या; बिसलेरीची पातळ बाटली सुई सहज भेदते. सुई वर न ठेवता सिरिंज सरळ आत टाका, तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि मार्करने ‘सुया’ असं लिहा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या; त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. घंटागाडीवरची माणसं पिशव्या हाताने उघडून वेगळं करतात. बाटली पुढच्या तपासणीला जाताना क्लिनिकमध्ये द्या, त्यांच्याकडे वैद्यकीय कचरा उचलायची व्यवस्था असते. घेतात का, हे क्लिनिकमध्ये आधीच विचारून ठेवा.